वाकळेचं कापड कुठून आलं

व्हिडिओ बघून रजई शिवायचा छंद लावून घ्यायचा म्हटलं, तर आधी खरेदीची यादीच हातात पडते: नवं सुती कापड, आत भरायला पॉलिस्टरचा थर, फिरतं कटर, त्याखाली घालायची चटई. नवं कोरं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच परत जोडत बसायचं, हे ऐकून कोल्हापूरकडच्या जुन्या बायका हसल्याच असत्या. इथली वाकळ, म्हणजे गोधडी, घरात उरलेल्या कापडाची. आणि उरणारं कापड बदलत गेलं, तशी तीही बदलली.

सगळ्यात चांगलं कापड लुगड्याचं. नऊवारी म्हणजे आठेक मीटर सूत, तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं. धड भाग वरून आणि खालून, विरलेला आत. सोबत धोतरं, पटके, पोरांची अंगडी. सुगी आटोपली की पावसाआधीच्या मोकळ्या दिवसांत हे काम निघायचं. थर सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेरे आत आत न्यायचे. दोन फेऱ्यांत फार तर बोटभर अंतर. ते नुसतं नक्षीसाठी नव्हे. आतल्या चिंध्या सुट्या असतात. टाके विरळ पडले तर पहिल्याच धुण्याला त्या गोळा होऊन एका कोपऱ्यात जातात. नवरात्राआधी घरातली झाडून सगळी अंथरुणं आपटून धुवायची रीत, त्यामुळं कुणाचा टाका किती पक्का ते पंचगंगेच्या घाटावर चारचौघींत कळायचं. विकत लागायचा तो सुई-दोरा.

पुढं कापड जवळच निघू लागलं. 1904 मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, 1906 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. म्हणून ठिगळं लावणं थांबलं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात कापडावर सरकारी नियंत्रण आलं आणि जुनेर पुन्हा जपून ठेवायची वस्तू झाली.

त्याच युद्धानं आणखी एक गोष्ट केली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसांची. ती 1948 च्या सुमारास उठली आणि त्या जागी फाळणीत घरदार सुटलेले सिंधी लोक आले. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक पेठ. आज कटपीस शोधत तिथं हिंडणाऱ्या हौशी बायकांना हा इतिहास क्वचितच ठाऊक असतो.

वाकळ मागं पडली ती कापडाच्या टंचाईनं नव्हे, टेरिलिनसारख्या कृत्रिम धाग्याच्या कापडानं. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवरून सरकतात. दुसरीकडं सोलापुरी चादर आणि गिरणीची ब्लँकेटं घरोघरी आली. मग वाकळ पाहुण्यांना दिसू नये म्हणून गादीखाली गेली. आता तीच ‘हँडमेड’ म्हणून मिरवते आणि नव्या कापडाची असेल तर महागही पडते, याची मला गंमत वाटते.

कमी पैशात शिवायची तर आजचं उरलेलं सूत शोधावं लागतं. लुगडी संपली, पण सुती गाऊन, ओढण्या, फाटलेल्या चादरी आहेत. शिंप्याकडं कात्रणं मागितली तर बहुतेक जण पिशवीभर देतात. त्यातलं पॉलिस्टर घरी येऊन वेगळं काढायचं. गांधीनगरचा कटपीस घ्यायचा तो फक्त काठापुरता, आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचा. नवं सूत आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं, आणि तसंच जोडलं तर पहिल्या धुण्यात काठ चुण्या धरतो. पहिल्या खेपेला मोठी वाकळ शिवायला घेऊ नये. बाळाचं दुपटं शिवावं: दोन गाऊन, एक चादर आणि दोऱ्याचं रीळ, एवढ्यात होतं.