विश्रामबागवाडा : पेशव्यांचा महाल, पुण्याची शाळा

बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याची ओळख दुसऱ्या बाजीरावाचा वाडा म्हणूनच करून दिली जाते. बाजीराव इथे राहिला जेमतेम दहा वर्षं. मुलं मात्र इथे कितीतरी जास्त काळ शिकत होती, आणि वाड्याच्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

वाडा १८०७ च्या सुमारास उभा राहू लागला. खर्च दोन लाखांच्या घरात गेल्याचं सांगतात. बांधणी पेशवाई थाटाची: आत चौक, भोवती सोपे म्हणजे ओसऱ्या, सगळा भार सागवानी खांबांवर. हे खांब सुरूच्या झाडासारखे घडवलेले, खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले. दोन खांबांमधल्या महिरपी लाकडात कोरलेल्या. दर्शनी बाजूला रस्त्यावर पुढे आलेला नक्षीदार सज्जा आहे. खालून मान वर करून पाहिलं की त्याच्या पोटाकडची कोरीव पानंफुलं दिसतात.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, इंग्रज सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्याच निधीतून तिचा खर्च भागवला गेला. सुरुवातीला प्रवेशही ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालं. त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला गेलं.

या साऱ्यात १६ नोव्हेंबर १८५२ हा दिवस विसरता येत नाही. मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला, तो याच वाड्यात. शाल दिली मेजर कँडी यांनी. हे तेच कँडी, ज्यांनी मोल्सवर्थच्या मराठी कोशाला हातभार लावला. ज्या वास्तूत काही वर्षांपूर्वीपर्यंत विद्या एका जातीपुरती होती, तिथे एका माळ्याच्या मुलाला हा मान मिळाला. पुण्यात याहून मोठं दृश्य त्या काळी क्वचितच घडलं असेल.

पुढे इथे सरकारी हायस्कूल भरत असे. मे १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली. बुधवारवाडा गेला. विश्रामबागेचाही मोठा भाग जळाला. इतक्या लाकूडकामाला आग आवरणार कशी? पण लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने तो पुन्हा उभा राहिला. आज आपण जे पाहतो त्यात त्या दुरुस्तीचाही वाटा आहे.

विसाव्या शतकात नगरपालिकेची, नंतर महापालिकेची कचेरी १९५९ पर्यंत इथेच होती. त्यानंतर सरकारी कार्यालयं आली, तळमजल्यावर टपाल कार्यालय आलं. २००४ पासून पुण्याचा इतिहास मांडणारं ‘पुण्यवैभव’ प्रदर्शन इथे भरवलं गेलं, आणि अलीकडच्या वर्षांत महापालिकेने लाकूडकामाच्या जतनाची कामं टप्प्याटप्प्याने हाती घेतली.