एलईडीखाली प्रवाळ जगत नाही?

‘एलईडी दिसायला छान, पण प्रवाळ जगवायचं तर मेटल हॅलाइडच (जुन्या पद्धतीचा प्रखर, तापणारा दिवा) हवा,’ हे सांगली-मिरजेच्या समुद्री मत्स्यटाकीवाल्यांत अजून ऐकू येतं. सुरुवातीच्या एलईडीपुरतं ते बरंचसं खरं होतं: अनेकांत पांढरे डायोड (प्रकाश देणारे बारीक दिवे) भरपूर, निळे कमी. प्रवाळातल्या शेवाळाला मुख्यतः ४०० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो. आजच्या रीफ, म्हणजे प्रवाळटाकीसाठीच्या, एलईडीत तो भरपूर असतो.

मग प्रवाळ पांढरं का पडतं? बहुतेकदा उजेड कमी पडून नव्हे, जास्त होऊन! निळा उजेड डोळ्यांना मंद वाटतो, म्हणून दिवा पहिल्याच दिवशी १०० टक्क्यांवर जातो. मोबाइलचं उजेड मोजणारं लक्स ॲपही निळ्यात फसतं. पार मीटर, म्हणजे शेवाळाला वापरता येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, भाड्याने आणा. मऊ प्रवाळाला ५० ते १५०, फांद्यांच्या दगडी प्रवाळाला २०० ते ३५० पार पुरे. सुरुवात ३०-४० टक्क्यांवर, मग आठवड्याला ५ टक्के वाढ.

एलईडीची खरी खोट वेगळीच आहे. प्रकाश एका ठिकाणाहून पडतो, फांद्यांखाली सावली राहते आणि तिथली ऊती मरते. चार फुटी टाकीला एकाऐवजी दोन दिवे लावा, किंवा जोडीला ५४ वॅटच्या दोन टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट). त्या मात्र ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात.

आणि सांगलीचा मे महिना! पाणी २६ अंशांवर ठेवायचं असताना २५० वॅटचा हॅलाइड वरून तापवणार, म्हणजे पाणी गार करणाऱ्या चिलरचं बिल वेगळं. एलईडीची उष्णता वर पंख्यातून जाते. फक्त त्या पंख्यावर साचलेलं टाकीच्या पाण्याचं मीठ महिन्याला कोरड्या ब्रशने झाडा.