परदेशात सेवा म्हणून शस्त्रक्रिया करायला जायचंय? आधी फाइल लावा

दर उन्हाळ्यात एखाद्या तरी सर्जनचा फोन येतो. "चार आठवडे मोकळे काढलेत. आफ्रिकेत जाऊन ऑपरेशनं करायची आहेत, तिथल्या पोरांना शिकवायचंय. पैसे नकोत. काय काय लागतं?" 'पैसे नकोत' यावर त्यांचा जोर असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. फुकट केलेलं ऑपरेशनही ऑपरेशनच. तुमची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आहे, ती मालावीत किंवा सिएरा लिओनमध्ये चालत नाही. तिथल्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात पडेपर्यंत तुम्ही तिथे पाहुणेच.

मी स्वतः डॉक्टर नाही. ओळखीतल्या सर्जनांच्या फायली लावून देणं हे माझं काम, म्हणून ही माहिती कागदांच्या बाजूने लिहितोय.

कोण जाऊ शकतं

एमएस, एमडी किंवा डीएनबी असं पदव्युत्तर शिक्षण झालेले जनरल सर्जन, ऑर्थोपेडिक, स्त्रीरोग, प्लास्टिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ. भूलतज्ज्ञांना तर सर्जनपेक्षा जास्त मागणी असते. नुसत्या एमबीबीएसवर सर्जन म्हणून कोणी घेत नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतरची बंधपत्राची सेवा बाकी असेल तर ती आधी उरका.

पण पदवीपेक्षा महत्त्वाचं असतं ते तुमच्या हाताला काय येतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली हिशेब मांडला होता: जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. एखादं रुग्णालय कितपत सक्षम आहे हे ओळखायला त्या आयोगाने तीन ऑपरेशनं धरली. सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या फ्रॅक्चरवरचा इलाज. ही तीन जिथे होतात तिथे बाकीचंही बरंच होतं.

आता स्वतःकडे बघा. गेली सात वर्षं दुर्बिणीतूनच पित्ताशय काढणारा पुण्यातला सर्जन तिथे अडतो. नंदुरबारला किंवा गडचिरोलीला उपजिल्हा रुग्णालयात हर्निया, हायड्रोसील, आतडं फुटलेला टायफॉइड, भाजलेल्यांचं स्किन ग्राफ्टिंग आणि रात्री दोनला सिझेरियन असं सगळं केलेला माणूस तिथे सोन्यासारखा. आपल्याकडे अशा नोकरीला 'आडबाजूची' म्हणतात. परदेशी संस्थेच्या मुलाखतीत तीच कामी येते.

कोणत्या वाटेने जायचं

'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स', म्हणजे एमएसएफ, ही १९७१ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली आणि १९९९चं शांततेचं नोबेल मिळालेली संस्था. हिचं कार्यालय दिल्लीतही आहे. ती मानधन देते, तेव्हा 'विनामूल्य सेवा' हा शब्द इथे नीटसा बसत नाही. बाकीच्या पदांना कित्येक महिने द्यावे लागतात, सर्जन आणि भूलतज्ज्ञांना काही आठवड्यांच्या नेमणुकाही मिळतात. जनरल सर्जनला सिझेरियन येतं का, हा प्रश्न हमखास येतो.

'मर्सी शिप्स'ची रीत उलटी. ही तरंगती रुग्णालयं. त्यांचं 'ग्लोबल मर्सी' हे जहाज २०२३ साली सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनच्या बंदरात लागलं आणि त्यावरच्या सहा ऑपरेशन थिएटरांत काम सुरू झालं. इथे तिकीट तुमचं, जहाजावर राहण्याजेवण्याचा खर्च कोणाचा हे आधी विचारून घ्या. ख्रिस्ती सेवाभावातून उभी राहिलेली संस्था आहे, हे आधी माहीत असलेलं बरं. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी 'ऑपरेशन स्माइल'ची पथकं थोड्या दिवसांसाठी जातात.

शिकवायचं हाच मुख्य हेतू असेल तर टांझानियातल्या अरुशाहून चालणारं पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेचं सर्जन्स कॉलेज, म्हणजे 'कोसेक्सा', पाहा. १९९९ साली स्थापन झालेल्या या कॉलेजला स्वतःची इमारतभर वर्गखोल्या नाहीत. विद्यार्थी आपापल्या देशातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयांतच शिकतात. अशा रुग्णालयात सहा आठवडे राहून दोन निवासी डॉक्टरांना आतडं जोडायला शिकवलंत, तर तुम्ही परत आल्यावरही ते काम चालू राहतं. दहा दिवसांत ऐंशी ऑपरेशनं करून फोटो काढून परतणाऱ्या शिबिरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. विमान सुटल्यावर जखम चिघळली तर ती कोण बघणार, हे ज्या आमंत्रणपत्रात लिहिलेलं नसतं, ते पत्र मी परत पाठवायला लावतो.

कागद

सगळ्यात आधी पासपोर्ट. मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली असावी आणि कोरी पानं असावीत. मग एमबीबीएस आणि एमएसची पदवी प्रमाणपत्रं, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र आणि एमएसची अतिरिक्त अर्हता नोंदवल्याचा कागद. हा शेवटचा कागद अनेकांनी काढलेलाच नसतो. वर्षानुवर्षं प्रॅक्टिस चालते, पण कौन्सिलच्या लेखी ते अजून एमबीबीएसच असतात. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात. ते कमी पडत असतील तर पुढचं सगळं तिथेच थांबतं.

त्यानंतर 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही असा दाखला. आधी राज्याच्या कौन्सिलकडून घ्यायचा आणि त्याच्या आधारावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडे अर्ज करायचा. हा दाखला ताजाच लागतो, म्हणून प्रवासाच्या वर्षभर आधी काढून ठेवू नका. परदेशी कौन्सिलला तो बहुधा थेट पाठवलेला हवा असतो. तुमच्या हातून गेलेल्या झेरॉक्सला किंमत नाही.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतो, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर पोलीस ठाण्यात एक फेरी जास्तीची धरा.

मग लॉगबुक. गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या हातांनी काय केलं, कशात मदतनीस होता, किती केसेस, गुंतागुंत किती. आकडा फुगवू नका. मुलाखत घेणारा सर्जनच असतो, दोन प्रश्नांत त्याला कळतं. जोडीला दोन शिफारसपत्रं, त्यांतलं एक तरी तुमच्यासोबत ऑपरेशन टेबलाशी उभं राहिलेल्या माणसाचं.

पदव्यांवर 'अपॉस्टील', म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशातही चालणारा सरकारी शिक्का, लागू शकतं. त्यासाठीच्या हेग कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. मालावीसारखा सदस्य देश असेल तर राज्याच्या पातळीवर पडताळणी झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील पुरतं. सदस्य नसलेल्या देशासाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, आणि तो देश इंग्रजीवर चालणारा नसेल तर प्रमाणित भाषांतरही. इथे एक साधी गोष्ट माणसाला रडवते: लॅमिनेशन. वडिलांनी मोठ्या कौतुकाने पदवीला प्लास्टिक चढवलेलं असतं. त्यावर ना शिक्का बसत ना स्टिकर. मग विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी अर्ज, आणि महिना गेला.

नावाचा घोळ तर ठरलेला. एका डॉक्टर मॅडमची फाइल माझ्या टेबलावर उघडी होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, एमबीबीएसवर माहेरचं नाव, कौन्सिलकडे माहेरचंच, आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव, नवऱ्याच्या नावासकट. आपल्याला हे सगळं एकच माणूस आहे हे बघताक्षणी कळतं. परदेशातल्या कारकुनाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, विवाह नोंदणी दाखला जोडा. त्याआधी संस्थेला विचारा की कौन्सिलमधलं नाव पासपोर्टशी जुळलंच पाहिजे का. बहुतेक ठिकाणी उत्तर 'हो' येतं.

सरकारी नोकरीत असाल तर

नियुक्ती प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे मंजूर रजा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. सुटतं ते पुढचं. तुमचं तिकीट, राहणं, जेवण परदेशी संस्था देणार असेल तर कायद्याच्या भाषेत ते 'विदेशी आदरातिथ्य' ठरतं. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला आणि सरकारी मालकीच्या संस्थांतल्या नोकरांना त्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाची आगाऊ परवानगी लागते. अर्ज एफसी-२, ऑनलाइन. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी तो पोचावा अशी अपेक्षा असते, पण मी दोन महिने आधी करायला सांगतो. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांना हे लागू नाही.

व्हिसा, लस, सामान

पर्यटक व्हिसावर जाऊन ऑपरेशन करू नका, कितीही ओळखीचं रुग्णालय असलं तरी. त्या देशाचा स्वयंसेवक किंवा तात्पुरत्या कामाचा परवाना मागा. त्यासाठी यजमान रुग्णालयाचं आमंत्रणपत्र लागतं: तारखा, तुमचं काम, देखरेख कोणाची आणि चूक झाल्यास विम्याची जबाबदारी कोणाची. तुमची इथली व्यावसायिक विमा पॉलिसी भारताबाहेर लागू होते का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचा.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रावरच घ्यायची. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांकडे सोय आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ते नसताना या रोगाच्या देशातून परत आलात तर भारतातच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली असावी. सुई टोचलीच तर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तिथे ती उपलब्ध आहेत का, हे आमंत्रण स्वीकारण्याआधी विचारा.

औषधं बॅगेत कोंबून नेऊ नका. भुलीचं केटामाइन तर अजिबात नाही, ते आपल्याकडे अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं. देणगी म्हणून औषधं पाठवायची असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. उपकरणं न्यायची तर यादी, किंमत आणि यजमान रुग्णालयाचं स्वीकारपत्र सोबत ठेवा, कस्टम्समध्ये ते मागतात.

भाषेचंही बघा. काँगो किंवा गिनीत फ्रेंच लागतं, मोझांबिकमध्ये पोर्तुगीज. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते तिथली भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शल्यचिकित्सा शिकवू लागले आणि १९४२ साली तिथेच वारले. चार आठवड्यांत कोणी चिनी शिकत नाही, पण 'कुठे दुखतंय', 'श्वास घ्या' आणि 'घाबरू नका' ही तीन वाक्यं विमानात पाठ होतात.

सगळं धरून सहा ते आठ महिने द्या. जूनमध्ये जायचं असेल तर दिवाळीत फोन करा.