आधी थायरॉईड, मग गर्भधारणेचे उपचार: हा क्रम कसा ठरला

छातीत धडधड, फुगलेला गळा, बाहेर आलेले डोळे. जर्मन डॉक्टर कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये या तक्रारींची नोंद केली, तेव्हा अशा स्त्रियांची पाळी बंद होते हेही त्यांनी लिहून ठेवले. आयर्लंडच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्येच हा आजार वर्णिला होता, म्हणून थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवण्याचा हा विकार आज ग्रेव्हजचा आजार म्हणून ओळखला जातो. पाळीशी त्याचे नाते असे सुरुवातीपासूनच ठाऊक होते, पण भरवशाची गोळी यायला शंभर वर्षे गेली. तोवर मुख्य आधार शस्त्रक्रियेचाच.

१९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी ग्रंथी निकामी करणारे किरणोत्सारी आयोडीन वापरले आणि १९४३ मध्ये एडविन ॲस्टवुड यांनी थायरॉईडचे हार्मोन कमी करणारे थायोयुरॅसिल. त्याच वाटेने पुढे पीटीयू (प्रोपिलथायोयुरॅसिल), मेथिमॅझोल आणि कार्बिमॅझोल या गोळ्या आल्या. आजार आटोक्यात आला की बहुतेकींची पाळी सुधारते, अनेकींना वेगळ्या उपचारांशिवाय दिवसही राहतात. वंध्यत्वाच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे हार्मोन) सुरुवातीलाच पाहायचे ते यासाठी.

मात्र प्रत्येक इलाजाने नवा प्रश्न आणला. किरणोत्सारी आयोडीननंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. मेथिमॅझोल घेतलेल्या मातांच्या बाळांना डोक्यावर त्वचा नसलेला भाग आढळल्याचे १९७२ मध्ये नोंदले गेले. पर्याय म्हणून पीटीयू पुढे आली, तर २०१० मध्ये यकृताच्या गंभीर इजेमुळे अमेरिकेत तिच्यावर ठळक इशारा छापावा लागला. म्हणून आता गोळी लागणारच असेल, तर फक्त पहिल्या तिमाहीपुरती पीटीयूला पसंती देतात. हा बदल दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी ठरवावा; मनाने गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

१९७८ मध्ये आयव्हीएफचे, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराचे, पहिले बाळ जन्मले आणि गुंता वाढला. बीजांडे वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन चढते, त्यामुळे रक्तात थायरॉईड हार्मोनला धरून ठेवणारे प्रथिन वाढते आणि एकूण टी-फोर (थायरॉईडचे मुख्य हार्मोन) फुगलेले दिसते. अशा वेळी फ्री टी-फोर, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेला मोकळा भाग, पाहणे जास्त उपयोगाचे. बीजांड पक्व करण्यासाठी अनेकदा दिले जाणारे एचसीजी हे हार्मोन तर रचनेने टीएसएचच्या जवळचे, तेही थायरॉईडला चेतवते. आधीच भडकलेल्या ग्रंथीवर हा भार नको, म्हणून टीएसएच आणि टी-फोर स्थिर होईपर्यंत आयव्हीएफची सायकल (उपचारांची फेरी) पुढे ढकलतात. वय वाढत असताना हे थांबणे किती जड जाते, ते त्या बाईलाच ठाऊक.

एक गोष्ट अजूनही सुटून जाते. १९५६ मध्ये न्यूझीलंडचे ॲडम्स आणि पर्व्हस यांना रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला दीर्घकाळ चेतवणारा घटक सापडला. ती शरीराने स्वतःच बनवलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) होती. ग्रंथी काढली किंवा आयोडीनने निकामी केली, तरी ती रक्तात राहू शकतात आणि नाळेतून बाळापर्यंत पोचू शकतात. ‘माझा थायरॉईड बरा झालाय’ म्हणणाऱ्या बाईनेही हा जुना आजार डॉक्टरांना सांगायलाच हवा, आणि त्यांनी टीआरएबी, म्हणजे याच प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासायला हवे.