पैठणीची जाहिरात आली कुठून?

"आम्ही नुसतं बोललो हो, सर्च काही केलंच नव्हतं. आणि संध्याकाळी बातम्या वाचायला उघडल्या तर पानभर पैठण्या!" ही तक्रार नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या बाकावर ऐकायला मिळते. पैठणीच्या जागी कधी टू-बीएचके फ्लॅट असतो, कधी गुडघेदुखीचं तेल. निष्कर्ष मात्र ठरलेला: फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो.

फोनला माईक आहे आणि परवानगी दिलेलं ॲप तो वापरू शकतं, हे खरंच. पण अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा गुपचूप आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. (काही ॲप स्क्रीनचे फोटो आणि व्हिडिओ बाहेर पाठवताना सापडली. तेही काही कमी वाईट नाही.) मग पैठणी आली कुठून? बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी दोन दिवस आधी येवल्याच्या दुकानांच्या साइट चाळलेल्या असतात. एका वायफायवरून जाणाऱ्या सगळ्या फोनांचा बाहेर दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, बहुधा एकच असतो, म्हणून जाहिरातवाल्यांना ते एकाच घरचे वाटतात. शिवाय बोललेलं लक्षात राहतं, स्क्रीनवर बोट फिरवलेलं विसरायला होतं. त्या बोटाची नोंद राहते ती 'कुकी'मुळे, म्हणजे साइटने आपल्या क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या चिठ्ठीमुळे. ती कशी, ही गंमत फार कमी जणांना ठाऊक असते.

नाशिककरांना हे समजायला सोपं जावं. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला परगावचं कुणी आलं, गाव-आडनाव सांगितलं, की तीर्थोपाध्याय नामावळीची वही काढतात आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे वाचून दाखवतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. काही भाबडे याला सिद्धी समजतात. सिद्धी कसली, पिढ्यानपिढ्या नेटाने ठेवलेली नोंद आणि ती चटकन हाती लागेल अशी लावलेली वही! त्याला चमत्कार म्हणणं हा लिहिणाऱ्यांच्या कष्टांचा अपमानच. तर कुकी म्हणजे यातलं फक्त गाव-आडनाव. तुम्ही ते सोबत बाळगता, वही असते समोरच्याकडे.

आता थोडं मागे जाऊ. ब्राउझर आणि सर्व्हर (साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक) ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न प्रयोगशाळेत वेब उभं केलं ते संशोधकांना एकमेकांचे कागद सहज वाचता यावेत म्हणून. तिथे 'वाचणारा कोण' हे लक्षात ठेवायची गरजच नव्हती. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने द्यायचं, विषय संपला. त्याच माणसाने पुढच्या सेकंदाला दुसरं पान मागितलं तरी सर्व्हरच्या लेखी तो नवाच. अशा विसरभोळ्या यंत्रणेवर दुकान कसं थाटणार? साडी पिशवीत टाकून पुढच्या पानावर गेलात की पिशवी रिकामी.

१९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या एका ग्राहकाला असंच ऑनलाइन दुकान काढायचं होतं आणि अर्धवट खरेदीच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायच्या नव्हत्या. लू माँटुली या तेवीस वर्षांच्या इंजिनिअरने तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच साइटकडे पुन्हा जाताना न विसरता दाखवायची. सर्व्हर म्हणतो, 'सेट-कुकी: आयडी=७एफ३सी९१'. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर म्हणतो, 'कुकी: आयडी=७एफ३सी९१'. बस, एवढंच. प्रत्यक्षात हा आकडा बराच लांब असतो. १२८ बिटांचा यदृच्छ आकडा घेतला, तर शक्यता ३४ वर ३७ शून्यं एवढ्या होतात. अंदाजाने दुसऱ्याचा आकडा ठोकून देणं अशक्यच.

संगणकावर क्रोम वापरत असाल तर हे डोळ्यांनी बघा. कुठलीही बातम्यांची साइट उघडा, एफ-१२ दाबा, वरच्या पट्टीतल्या 'ॲप्लिकेशन'मध्ये जाऊन डावीकडे 'कुकीज' उघडा. तक्ता दिसेल: नाव, किंमत (व्हॅल्यू), डोमेन (कुठल्या साइटची), मुदत, आकार. किंमतीच्या रकान्यात अगम्य अक्षरांची रांग असते. तुमचं नाव, पत्ता, पैठणी, काहीही सहसा तिथे नसतं. मुदतीच्या रकान्यात पुढच्या वर्षीच्या तारखा दिसतील. (क्रोमने २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली. त्याआधी दहा-वीस वर्षांच्या कुकीही सर्रास असत.) आणि डोमेनच्या रकान्यात, ज्या साइटवर तुम्ही गेलाच नाहीत त्यांची नावं दिसली, तर आपण मुद्द्यावर आलो.

माँटुलीसमोर एक सोपा पर्यायही होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा. त्याने तो नाकारला, कारण मग तोच क्रमांक सगळ्या साइटना दिसला असता आणि कुणीही कुणाचाही माग काढला असता. म्हणून नियम केला: ज्याने चिठ्ठी दिली त्यालाच ती परत दाखवायची. नियम आजही पाळला जातो. पण वेबपान एका जागचं नसतं. मजकूर बातमीवाल्याच्या सर्व्हरवरून येतो, चित्र दुसरीकडून, जाहिरात तिसरीकडून. जाहिरात आणायला ब्राउझर जाहिरात कंपनीच्या दारात जातो, तेव्हा तीही आपली चिठ्ठी हातात देते. नियमात बसतंच ते! पुढे तुम्ही पैठणीच्या दुकानाच्या साइटवर जाता. तिथेही त्याच कंपनीचं एक पिक्सेल लांब, एक पिक्सेल रुंद असं न दिसणारं चित्र बसवलेलं असतं. ते आणताना ब्राउझर जुनी चिठ्ठी दाखवतो आणि चित्र कुठल्या साइटसाठी हवंय हेही सांगतो. कंपनीच्या वहीत ओळ पडते: ७एफ३सी९१, पैठणी, मोरबांगडी, दुपारी तीन. संध्याकाळी बातम्यांच्या पानावर हाच ७एफ३सी९१ आला की मोरबांगडी हजर. ही थर्ड पार्टी कुकी. नामावळीची वही प्रत्येक उपाध्यायाची वेगळी असते. इथे मात्र एकच गृहस्थ गावातल्या प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसलेला.

पुढची युक्ती मला फार आवडते, म्हणजे चोराच्या हातचलाखीला दाद द्यावी तशी. 'अ' कंपनीने तुम्हाला ७एफ३सी९१ म्हटलंय, 'ब' कंपनीने २२डीक्यू८. अ-ची कुकी ब-ला वाचता येत नाही, ब्राउझर वाचूच देत नाही. मग दोघांनी वह्या जुळवायच्या कशा? अ-चा सर्व्हर ब्राउझरला सांगतो, 'ते चित्र माझ्याकडे नाही, ब-कडे जा' आणि ब-चा जो पत्ता देतो त्याच्या शेपटीला हळूच आपला आकडा जोडतो. ब्राउझर बिचारा आज्ञाधारक. तो ब-कडे जातो, नियमाप्रमाणे ब-ची स्वतःची कुकी दाखवतो आणि पत्त्याच्या शेपटीत अ-चा आकडाही पोचवतो. ब-च्या हातात एकाच मागणीत दोन्ही आकडे! त्याने लिहून ठेवलं: अ-चा ७एफ३सी९१ म्हणजे आपला २२डीक्यू८. यानंतर दोन्ही सर्व्हर मागच्या दाराने हवी तेवढी माहिती बदलून घेतात आणि त्यात तुमच्या ब्राउझरचा संबंधही येत नाही. नियम मोडलाच नाही, म्हणून ब्राउझरने अडवायचं कशाला? यालाच कुकी सिंकिंग म्हणतात. हे डोक्यावरून गेलं असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा किंवा सरळ पुढे चला. पण बहुतेक लेख 'कुकीतून माहिती चोरली जाते' म्हणून मोकळे होतात आणि खरी कारागिरी तशीच राहते.

या जुळवणीचा उपयोग लिलावात होतो. पान उघडत असताना, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात, जाहिरातीच्या त्या चौकोनाचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांकडे तुमचा आकडा, ढोबळ ठिकाण, उपकरण आणि कोणतं पान वाचताय एवढं पोचतं. जागा एकाला मिळते. माहिती मात्र हरलेल्यांनाही मिळालेली असते.

हे सगळं कुणाला आधी सुचलं नव्हतं असं नाही. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या फेब्रुवारी १९९७ च्या मसुद्यातच थर्ड पार्टी कुकी मुळातून बंद ठेवाव्यात अशी शिफारस होती. स्वतः माँटुली त्याचा सहलेखक. पण तोवर जाहिरातींचा धंदा उभा राहिला होता आणि नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी शिफारस गुंडाळून ठेवली. ॲपलच्या सफारीने थर्ड पार्टी कुकी पूर्ण बंद करायला २०२० चा मार्च उजाडला. फायरफॉक्स २०२२ पासून सगळ्यांसाठी आपोआप प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवू लागला, म्हणजे उंबऱ्यावरच्या गृहस्थाला प्रत्येक दुकानात नवी वही. गुगलने जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत बंद करू' म्हणून जाहीर केलं, तारखा ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. ज्याचं पोट जाहिरातींवर, त्याच्याच हातात आपला ब्राउझर. दुसरं काय होणार?

म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागतं आणि ते एका मिनिटाचं आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज' शोधा आणि 'ब्लॉक' निवडा. क्वचित एखाद्या साइटचं लॉगिन अडतं, तेवढ्यापुरती सूट देता येते. व्हॉट्सॲपवर फिरणारा 'रोज रात्री सगळ्या कुकी उडवा, फोन दुप्पट वेगाने चालेल' हा सल्ला मात्र सोडून द्या. एका कुकीची मर्यादा साधारण ४ केबी. हजार कुकी भरल्या तरी ४ एमबी, म्हणजे फोनने काढलेल्या एका फोटोएवढ्या. कुकी हा व्हायरसही नाही, तो नुसता मजकूर असतो. तशीच ती व्हीपीएनची जाहिरात, 'आमचं ॲप घ्या आणि अदृश्य व्हा'. व्हीपीएनने आयपी पत्ता बदलतो, ब्राउझरमधली कुकी जागच्या जागी राहते. पत्ता बदलून गेलात आणि आडनाव तेच सांगितलंत, तर वही उघडणारच. इन्कॉग्निटो या क्रोमच्या खासगी खिडकीतल्या कुकी ती बंद होताच पुसल्या जातात, पण ती उघडी असेपर्यंत साइटना तुमचा माग काढता येतोच. याच मुद्द्यावर अमेरिकेत गुगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

कुकी बंद केली तरी ब्राउझरच्या वळणावरून तो ओळखता येतो, हेही सांगून टाकतो. फॉन्टची यादी, स्क्रीनचा आकार, टाइम झोन, प्लगिन हे सगळं जुळवून ठसा काढता येतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेव निघाला. सफारी आणि फायरफॉक्स यावरही थोडंफार काम करतात.

साइट उघडताच कुकींसाठी येणारी 'सर्व स्वीकारा' ही पाटी आली ती युरोपीय कायद्यांमुळे. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण स्वीकारायला एक टिचकी पुरत होती, नाकारायला अनेक लागत होत्या. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण सहमती मोकळी, ठरावीक कामापुरती आणि माहिती देऊन घेतलेली असावी, असं त्यात आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

जाहिरातीची कुकी फार तर चिडवते. लॉगिनची कुकी घात करू शकते. पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलात की सर्व्हर तुम्हाला एक आकडा देतो आणि त्यापुढे तो आकडा म्हणजेच तुम्ही. तो चोरला तर चोराला ओटीपी लागतच नाही. मार्च २०२३ मध्ये कॅनडातलं लायनस टेक टिप्स हे प्रचंड मोठं यूट्यूब चॅनेल असंच गेलं: एका कर्मचाऱ्याने पीडीएफ समजून भलतीच फाइल उघडली आणि तिने ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकी उचलल्या. बँकेची साइट काही मिनिटांत बाहेर हाकलते, तेव्हा आपण वैतागतो. पण चोरलेला आकडा तोवर निकामी झालेला असतो.

ॲडमिशनच्या दिवसांत कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानांत जाऊन बघा. मुलं ईमेल उघडतात, फॉर्म भरतात, प्रिंट घेतात आणि टॅब बंद करून पळतात. टॅब बंद केल्याने सर्व्हरला काहीच कळत नाही. 'लॉगआउट' दाबलं की तो आकडा तिकडच्या वहीतून खोडला जातो. प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडलेलं असेल तर घरी येऊन फोनमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा. दुकानाचा संगणक अजून तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

मोबाईल ॲपमध्ये जाहिरातीच्या कुकीची भूमिका जाहिरात आयडी, म्हणजे फोनचा जाहिरातींसाठीचा क्रमांक, निभावतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गुगलच्या विभागात 'ॲड्स' शोधून तो डिलीट करता येतो. त्यानंतर आयडी मागणाऱ्या ॲपला नुसत्या शून्यांची रांग मिळते. ज्याला तुम्ही मोबाईल नंबर देऊन बसलात त्याला मात्र या आयडीची गरजच नाही. मॉलच्या काउंटरवर 'सर, नंबर?' विचारतात तेही याच वहीसाठी. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. 'नाही द्यायचा' म्हटलं तरी बिल निघतं. मागच्या रांगेतले जरा वळून बघतात, एवढंच.