विषयनिष्ठ साक्षरता आणि माध्यमिक शाळेतील पाठनियोजन

एखाद्या ज्ञानशाखेत मजकूर कसा वाचतात, पुरावा कशाला मानतात आणि निष्कर्ष कसा मांडतात, याची जाण म्हणजे विषयनिष्ठ साक्षरता. विषयशिक्षकाला ही जाण किती असते आणि ती त्याच्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, कितपत उतरते, हा शिक्षणशास्त्रातला अभ्यासविषय आहे.

इंग्लंडमधील बुलक समितीच्या १९७५ च्या अहवालाने भाषाविकासाची जबाबदारी सर्वच विषयांच्या शिक्षकांवर टाकली. मात्र त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अधोरेखन, सारांश, शब्दार्थ अशा सर्वसाधारण वाचनयुक्त्या इतिहासाला आणि रसायनशास्त्राला एकाच मापाने मोजतात. अमेरिकेत शिक्षणसंशोधक सॅम वाईनबर्ग यांनी १९९१ मध्ये इतिहासकार आणि शाळकरी विद्यार्थी यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील लेक्झिंग्टनच्या १७७५ मधील लढाईची तीच कागदपत्रे वाचायला दिली. हे कोणी, कधी लिहिले, हे इतिहासकार आधी पाहत. विद्यार्थी थेट मजकुरात शिरत. साक्षरतेचे अभ्यासक टिमथी आणि सिंथिया शॅनहन यांच्या २००८ च्या लेखाने मूलभूत, मध्यम आणि विषयनिष्ठ असे साक्षरतेचे तीन स्तर मांडले. तिसरा स्तर विषयशिक्षकाखेरीज दुसरे कोणी शिकवू शकत नाही.

अडचण नियोजनात आहे. गणिताचा शिक्षक स्वतः प्रत्येक शब्द तोलून वाचतो, पण ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती शिकवायची गोष्ट आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. ‘त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंच्या लांबींची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त असते’ या विधानातला ‘कोणत्याही’ निसटला, की ३, ४ आणि ९ सेंमी बाजूंचा त्रिकोण मुलांना शक्य वाटतो, कारण ९ आणि ३ यांची बेरीज ४ पेक्षा जास्तच भरते. टाचणात प्रमेय, उदाहरणे, गृहपाठ सगळे असते. त्या एका शब्दापाशी थांबायचे, हे बहुधा नसते. नियोजनाची खरी कसोटी इथेच लागते. भौतिकशास्त्रात दप्तर धरून नुसते उभे राहणाऱ्याने दप्तरावर केलेले कार्य शून्य असते, हे व्यवहारातल्या ‘कामा’शी भिडवूनच समजावावे लागते. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लिहिली गेली. त्यामुळे तिच्यातला उतारा वाचण्याआधी लिहिणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा प्रश्न टाचणात यायला हवा.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि तो विषय शिकवण्याचे ज्ञान यांत भेद केला. विषयनिष्ठ साक्षरतेची जाण या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. केवळ पदवीने ती येत नाही.

भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने सर्व विषयांतून भाषा शिकवण्याचा आग्रह धरला, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात त्यासाठी स्वतंत्र विषय आला. महाराष्ट्रातील सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत, तर समजावणे बऱ्याचदा मराठीत असते. तिथे विधान कोणत्या भाषेत वाचायचे, त्यावर चर्चा कोणत्या भाषेत करायची आणि उत्तर कोणत्या भाषेत लिहून घ्यायचे, हेही शिक्षकाला तासाआधीच ठरवावे लागते.