थायरॉईडची भूक

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या आत्याचं थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठीसकट सगळी ग्रंथी काढली, आणि पुढच्या महिन्यात घरात मिठावरून गोंधळ सुरू झाला. ‘आयोडीन द्यायचं आहे, त्याआधी दोन आठवडे आयोडीन बंद,’ असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. जे द्यायचं तेच बंद का, हे कुणाला उमगेना. आत्याची काळजी वेगळीच: “काऊन रे, मले किती दिवस कोंडून ठेवतीन?”

थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. ते रक्तात फार थोडं असतं, म्हणून या ग्रंथीच्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन पंपासारखं काम करतं आणि आयोडीन आत खेचतं. आतलं प्रमाण रक्ताच्या वीस-चाळीस पट होतं. लाळग्रंथी, जठर हेही थोडं आयोडीन घेतात, पण साठवून ठेवते ती थायरॉईडच.

आत्याला द्यायचं ते औषध म्हणजे किरणोत्सारी आयोडीन. या पंपाला साधं आयोडीन आणि ते यांतला फरक कळत नाही. नेहमीच्या आयोडीन-१२७ पेक्षा आयोडीन-१३१ मध्ये चार न्यूट्रॉन जास्त असतात, एवढंच. रसायन तेच, चव तीच. पेशी ते आनंदाने आत घेते. मग केव्हातरी त्या अणूचं केंद्रक फुटकळ बदल करून झेनॉन होतं आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकतं. हा बीटा कण ऊतीत सरासरी एक मिलिमीटरसुद्धा जात नाही. मारतो तो ज्या पेशीने आयोडीन खाल्लं तिला आणि तिच्या शेजारणींना. सर्जनच्या डोळ्यांना न दिसलेला कॅन्सरचा कण मानेत उरला असो की फुप्फुसात जाऊन बसलेला असो, त्याची भूक शाबूत असेल तर औषध त्याला शोधून काढतं. मला या उपचाराचं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. अर्थात काही कॅन्सर ही भूक गमावून बसतात, आणि तिथे या औषधाचा उपयोग होत नाही.

आता मिठाचा हिशेब. कॅन्सरसाठी देतात तशी १०० मिलिक्युरीची (मिलिक्युरी हे किरणोत्सार मोजायचं एकक) मात्रा धरा. तिच्यातल्या आयोडीन-१३१ चं वजन एक मायक्रोग्रॅमही भरत नाही, साधारण ०.८. आपल्या आयोडीनयुक्त मिठात कायद्याने दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. म्हणजे पाच ग्रॅमच्या एका चमच्यात ७५ मायक्रोग्रॅम, औषधाच्या नव्वदपटीहून जास्त! पोट भरलेल्या पेशीसमोर हे औषध ठेवून काय होणार? म्हणून दोन आठवडे साधं मीठ, दूध-दही, अंड्याचा बलक, मासे, बाजारचा चिवडा-फरसाण, पापड-लोणचं सगळं बंद. वहिनीने इतवारीतून सैंधव आणलं, पण पाकीट वाचून. कारण हल्ली सैंधवही आयोडीन घालून विकतात. त्याच जोडीला थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची, गोळी काही आठवडे थांबवतात, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच हे हार्मोन वाढतं आणि पेशींची भूक आणखी खवळते. या दिवसांत माणूस फार थकतो, सुस्तावतो. आत्या पायऱ्या चढताना बसायची. घरच्यांनी हे आधीच ओळखून ठेवावं.

हीच गोष्ट उलटी १९८६ मध्ये घडली. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटातून उडालेलं आयोडीन-१३१ गवतावरून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यात गेलं. पोलंडने तातडीने एक कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथी आधीच तृप्त. तिथे भूक मारायची होती, इथे वाढवायची.

१९३६ मध्ये बोस्टनचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी एका व्याख्यानानंतर विचारलं होतं की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का. सुरुवातीला मिळालेल्या आयोडीन-१२८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, २५ मिनिटं, हाती येईतो संपणारं. आठवडाभर टिकणारं हवं, अशी मागणी अमेरिकेतल्या बर्कलीत रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबॉर्ग यांच्याकडे झाली, आणि १९३८ मध्ये त्यांनी व जॉन लिव्हिंगूड यांनी आठ दिवसांच्या अर्धायुष्याचं आयोडीन-१३१ शोधलं. हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये पहिल्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीनने उपचार केला.

आठ दिवस म्हणजे औषध वाटेतही झिजतं. आपल्याकडे ते मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेलुरियमपासून बनवतात. तिथून नागपूरला यायला एक दिवस लागला, तर १०० चे ९२ उरतात. साठवून ठेवायची सोय नाही. म्हणून तारीख ठरली की ती पाळायची, आत्यानेही आणि औषधानेही.

आत्याने ते स्ट्रॉने प्यायलं, बेचव पाण्यासारखं. बीटा कण शरीरात राहतात, पण सोबत निघणारे गॅमा किरण बाहेर येतात. त्यासाठीच आत्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. नियम असा की शरीरातली मात्रा ३० मिलिक्युरीच्या खाली येईपर्यंत घरी सोडत नाहीत. ग्रंथीच नसल्यामुळे बहुतेक आयोडीन दोन-तीन दिवसांत लघवीवाटे जातं. भरपूर पाणी प्यायचं, दोनदा फ्लश करायचं. ते पाणी आधी वेगळ्या टाकीत साठवून, किरणोत्सार ओसरल्यावर सोडतात. अतिक्रियाशील थायरॉईडसाठी मात्र १०-१५ मिलिक्युरी पुरते, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. गरोदर बाईला हे औषध कधीच द्यायचं नाही, कारण बाळाच्या गळ्यातही भुकेली ग्रंथी असते. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं आधीच थांबवावं लागतं.

आत्या तिसऱ्या दिवशी घरी आली. नातवाला आठवडाभर तिच्या कुशीत झोपू दिलं नाही, ते तिला कोंडून ठेवण्याहून जड गेलं. मग गॅमा कॅमेऱ्यावर स्कॅन झाला. मानेच्या पुढच्या भागात मोहरीएवढा एक ठिपका दिसला, फुप्फुसांत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तिथे थोड्या पेशी उरल्या होत्या, आणि त्यांनी औषध खाल्लं आहे.